होडी सोडू नका म्हणता, मग होडीही तशी बांधा

शिडाची होडी चालवायला मी नऊ वर्षांची असताना शिकले. मुंबईच्या बंदरात, 'ऑप्टिमिस्ट' नावाच्या होडीत. आठेक फूट लांब, पुढून नाक कापल्यासारखी, एका पोरापुरती होडी. जगभरातली मुलं याच होडीत शिकतात. पहिल्या दिवशी सरांनी शीड कसं बांधायचं ते सांगितलंच नाही. होडी पालथी कशी घालायची ते सांगितलं. आम्ही एकेक करून होडी उलटी केली, नाकातोंडात खारं पाणी गेलं, दोघंतिघं रडली. मग सर म्हणाले, "आता एक वाक्य पाठ करा. होडी सोडायची नाही. काहीही झालं तरी होडी सोडायची नाही."

वाक्यामागचं कारण साधं आहे. लाटांमध्ये माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं, म्हणजे दिसतच नाही. होडी दिसते. पोहत किनारा गाठू असं ज्याला वाटतं, त्याचा अंतराचा अंदाज चुकतो. होडीला धरून राहिलेला सापडतो.

हे वाक्य खरं ठरायचं, कारण ती होडी बुडतच नव्हती. आत हवेच्या तीन फुगीर पिशव्या बांधलेल्या असायच्या. स्पर्धेआधी सर प्रत्येक पिशवी अंगठ्यानं दाबून बघायचे. मऊ लागली की त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही. रडून उपयोग नसायचा.

आज माझं म्हणणं एवढंच आहे, की नऊ वर्षांच्या मुलीच्या होडीला जी अट आहे, ती मोठ्यांच्या होडीला का नाही? शिडाची होडी पाण्यानं काठोकाठ भरली तरी तिनं तरंगत राहायला हवं, आत बसलेल्या माणसांसकट. ही चैन नाही. ही होडीची किमान लायकी आहे, असं माझं मत आहे. ते मत मी पुस्तकातून घेतलेलं नाही.

"ताई, खाली बाटली फुटली का गं?"

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही चौघं एक पंचवीस फुटी शिडाची बोट भाड्यानं घेऊन निघालो होतो. मी, धाकटा भाऊ आणि त्याचे दोन मित्र. त्यातल्या एकाला पोहता येत नव्हतं. दुपारनंतर वायव्येचा वारा छान भरला, बोट एका अंगावर कलून मांडव्याच्या दिशेनं पळायला लागली. फोटो झाले, चिवडा झाला.

मग भावानं खालच्या केबिनमध्ये डोकावून विचारलं, "ताई, खाली पाण्याची बाटली फुटली का गं?"

बाटली फुटली नव्हती. तळाच्या फळ्या तरंगत होत्या. छोट्या मोरीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तिच्या जागेवरून निसटली होती आणि दीड इंची भोकातून समुद्र आत येत होता. नळीच्या तोंडाशी कॉक होता, पण गंजून घट्ट बसलेला. तो हलेना.

दीड इंच म्हणजे किती, ते मी नंतर घरी बसून काढलं. पाण्याखाली दीड फुटावर एवढं भोक असेल तर मिनिटाला सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी आत येतं. गच्चीवरची पाचशे लिटरची टाकी चार मिनिटांत भरावी तसं. बोटीवरचा पंप मिनिटाला तीस लिटर उपसणारा होता, तोही छापील आकड्यात. प्रत्यक्षात त्याच्या तोंडाशी चिवड्याचं पाकीट अडकलं आणि तो नुसताच घरघरत राहिला.

आम्ही टॉवेलाचा बोळा भोकात कोंबला. भाऊ त्यावर टाच रोवून बसला. दोघं बादलीनं उपसत होते. मी बोट वाऱ्याला लावून, जवळच्या मच्छीमारांना हात करत होते. चाळीसेक मिनिटांनी एका बोटीनं आम्हाला दोर टाकला. तिच्यावरच्या तांडेलकाकांनी एवढंच विचारलं, "पोहता येतं ना सगळ्यांना?" मी गप्प बसले.

त्या चाळीस मिनिटांत भीतीपेक्षा एक वेगळीच गोष्ट मला झोंबली. ज्याला पोहता येत नव्हतं तो मुलगा माझ्याकडे बघत होता. मी त्या बोटीची कप्तान. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं: काही झालं तरी बोट सोडू नकोस. आणि मी ते गिळलं. कारण ती बोट भरली असती तर सरळ तळाला गेली असती. तिला धरून राहा असं सांगणं म्हणजे खोटं बोलणं होतं. लहानपणी पाठ केलेलं, आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलेलं एकुलतं एक वाक्य मला गरजेच्या वेळी वापरता आलं नाही.

धक्क्यावर परत आल्यावर बोटवाल्यानं दिलेलं उत्तर मी विसरू शकत नाही. "मॅडम, ही बोट बुडतच नाही. खाली एवढं वजन आहे, उलटणारच नाही."

न उलटणं आणि न बुडणं

त्याला मूर्ख ठरवण्यात अर्थ नाही. हा गोंधळ सगळीकडे आहे.

मोठ्या शिडाच्या बोटीच्या पोटाखाली एक जड कणा असतो, त्याला कील म्हणतात. तो शिशाचा किंवा बिडाचा असतो. वारा शिडाला एका बाजूला लोटतो, खालचं वजन बोटीला परत उभं करतं. तळाशी वजन घातलेली बाहुली कशी ढकलली तरी उठून बसते, तसंच. म्हणून ही बोट सहसा उलटत नाही. पण तेच वजन, आत पाणी शिरलं की तिला तळाशी नेतं. शिसं पाण्याच्या अकरा पटींहून जड. फायबरचं कवच स्वतःही पाण्याच्या दीडपट जड. शाळेत आपण प्लावक बल शिकलो तेवढं इथं पुरतं: बोट तरंगते ती आतल्या हवेमुळे. हवा गेली की तो शिशाचा गोळा आहे.

लाकडी होडीची गोष्ट वेगळी. सागवान पाण्यापेक्षा हलकं असतं. वजन न घातलेली साधी लाकडी होडी भरली तरी काठापर्यंत पाण्यात बसून राहते, आणि माणसं तिला धरून राहू शकतात. तमिळ किनाऱ्यावरचं कट्टुमरम त्याही पुढचं. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. ओंडके एकमेकांना बांधून केलेली, शीड लावून चालणारी ही होडी बुडूच शकत नाही, कारण तिला भरायला पोटच नाही. 'कॅटामरान' हा जगभर गेलेला शब्द इथूनच निघाला. भारतीय किनाऱ्यावरच्या गरीब कोळ्याकडे न बुडणारी होडी शेकडो वर्षं होती. आणि आपण शिकलेली माणसं लाखो रुपये मोजून बुडणारी घेतो.

लाकूड म्हणजे सगळं ठीक, असंही मला म्हणायचं नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत एकट्यानं, कुठंही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस ठरला. त्याची 'सुहैली' मुंबईत बांधलेली, अस्सल सागवानी. पण तिच्याही खाली लोखंडाचा जड कणा होता. प्रवासाच्या सुरुवातीच्या टप्प्यातच ती तळाच्या सांध्यातून गळायला लागली, तेव्हा त्यानं भर समुद्रात पाण्याखाली उतरून तो सांधा बुजवला. बुजवला नसता तर सागवानानं त्याला वाचवलं नसतं. प्रश्न लाकडाचा की फायबरचा असा नाही. खाली वजन घातलं की वर तेवढीच तरंगशक्ती घालायची जबाबदारी येते, आणि ती जबाबदारी आपण टाळतो, असा आहे.

किती फ्रिज लागतील?

ही तरंगशक्ती म्हणजे काय, तर मुख्यतः फोम. ज्याच्या बुडबुड्यांत पाणी शिरत नाही असा, घट्ट, हलका फोम. एक घनमीटर फोम पाण्याखाली जवळजवळ एक टन वजन पेलतो. आम्ही गेलो होतो तसल्या, दीड टनाच्या बोटीला माणसांसकट तरंगत ठेवायला साधारण एक घनमीटर लागेल. म्हणजे एक मोठा दोन दारांचा फ्रिज. महासागर ओलांडणारी छत्तीस फुटी बोट सात-आठ टनांची असते, त्यातलं तीनेक टन नुसतं शिसं. तिला चार-पाच घनमीटर, म्हणजे असे पाचेक फ्रिज.

फोम कुठं घालायचा यालाही महत्त्व आहे. सगळा तळाशी भरला तर भरलेली बोट उलटायला बघेल. तो कडेनं, वर डेकच्या खाली, पुढच्या आणि मागच्या टोकाला विभागून घालायचा, म्हणजे बोट सरळ उभी राहते.

हे स्वप्नरंजन नाही. बेल्जियमच्या एटॅप कंपनीनं दोन कवचांच्या मध्ये फोम भरून अशा शिडाच्या बोटी वर्षानुवर्षं बांधल्या. ब्रिटनमध्ये सॅडलरच्या बोटी तशाच होत्या. मोटरबोटींत तर बॉस्टन व्हेलरच्या डिक फिशरनं १९६१ मध्ये 'लाइफ' मासिकाच्या कॅमेऱ्यासमोर आपली बोट करवतीनं मधोमध कापून दाखवली. दोन्ही तुकडे तरंगत राहिले. आणि 'मिनी' वर्गातल्या साडेसहा मीटरच्या बोटी, ज्यांतून माणसं एकट्यानं अटलांटिक ओलांडायची शर्यत १९७७ पासून लावतात, त्यांना भरल्यावर न बुडण्याची अट वर्गाच्या नियमातच आहे. त्याही बोटींना जड कील असते. त्या शर्यती जिंकण्यासाठी बांधलेल्या असतात, तरी फोमनं त्यांचं काही अडत नाही.

मग कायदा काय म्हणतो? अमेरिकेत वीस फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींना भरल्यावर तरंगण्याची अट १९७०च्या दशकापासून आहे. शिडाच्या बोटींना त्यातून सूट. युरोपात सहा मीटरच्या आतल्या, पाण्यानं भरू शकतील अशा होड्यांना ही अट आहे. राहण्याजोग्या, उलटू शकणाऱ्या कॅटामरानला उलट्या अवस्थेतही तरंगण्याची अट आहे. मात्र जड कील असलेली मोठी बोट, म्हणजे भरल्यावर जी सर्वांत खात्रीनं बुडते ती, तिच्यावर अशी अट नाही. तिनं पंप बाळगला की झालं.

"पण तराफा असतो ना?"

या विषयावर बोललं की हे उत्तर ठरलेलं. फुगवायचा जीवरक्षक तराफा असतो, बोट बुडाली तर त्यात बसायचं. ऐकायला पटतं. म्हणून तीन प्रसंग सांगते.

१९७९ मध्ये ब्रिटनजवळच्या फास्टनेट शर्यतीवर वादळ आलं. स्पर्धकांपैकी पंधरा खलाशी गेले. चोवीस बोटी खलाशांनी सोडून दिल्या. त्या चोवीसपैकी पाचच बुडाल्या. बाकी एकोणीस नंतर तरंगताना सापडल्या. आणि बोट सोडून तराफ्यात गेलेल्यांपैकी काही जण तराफे उलटून, फाटून दगावले.

विरोधक हाच दाखला माझ्यावर उलटवतात. बघा, म्हणे, फोम नसतानाही बोटी तरंगल्याच! अहो, पण आतल्या माणसांना ते माहीत होतं का? अंधार, डोंगराएवढ्या लाटा, आत गुडघाभर पाणी. ही बोट राहील की जाईल हे त्यांना कळणार कसं? त्यांनी सोडली, कारण खात्री नव्हती. फोम बोटीला तरंगतं ठेवतोच, पण त्याआधी तो ही खात्री देतो. रात्री दोन वाजता, गारठलेल्या डोक्यानं घ्यायचा निर्णय तो कारखान्यातच घेऊन टाकतो: बोट सोडायची नाही.

दुसरा प्रसंग मे २०१४ चा. 'चीकी रफीकी' नावाची बोट अटलांटिकमध्ये कील तुटून उलटली. चार खलाशी होते, एकही सापडला नाही. अमेरिकी नौदलाला उलटं कवच सापडलं तेव्हा तराफा त्याच्या ठरलेल्या जागी, बांधलेलाच होता. तराफा वापरायला वेळ लागतो, हात मोकळे लागतात, शुद्ध लागते.

तिसरा प्रसंग आपला आहे. २१ सप्टेंबर २०१८. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी गोल्डन ग्लोब शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरात, गोव्यात बांधलेल्या 'तुरिया' या बोटीवर एकटे. ही तुरिया म्हणजे मुंबईच्या त्या सुहैलीचीच प्रतिकृती. वादळात डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला. चालता येईना. ते बोटीतल्या बिछान्यावर पडून राहिले, आणि २४ सप्टेंबरला फ्रान्सच्या ओसिरिस या गस्ती नौकेनं त्यांना सोडवलं. तीन दिवस!

आता मला सांगा, त्या माणसाला तराफ्यात कोण उतरवणार होतं? त्यांना वाचवायला माणसं पोहोचली हे खरं, पण पोहोचेपर्यंत त्यांना पाण्याबाहेर ठेवलं त्या बोटीनं. तुरियाच्या कवचाला भोक पडलं नाही, हे आपलं नशीब. मला नशिबावर सोडलेली बोट नको आहे. याच शर्यतीच्या २०२२ च्या फेरीत, ज्यात टॉमी जिद्दीनं परत उतरले आणि दुसरे आले, फिनलंडच्या तापिओ लेहतिनेन यांची 'अ‍ॅस्टेरिया' मागून पाणी शिरून बुडाली. बाहेर पडायला मोजकी मिनिटं मिळाली. ते धडधाकट होते म्हणून तराफ्यात पोहोचले, आणि दुसऱ्या स्पर्धक किर्स्टन नॉइशेफर यांनी त्यांना उचललं. त्यांचीही पाठ मोडलेली असती तर?

तराफा टाकून द्या असं मी म्हणत नाही. आगीत फोमचा उपयोग नाही, तिथं तराफाच हवा. पण तराफा हा दुसरा उपाय. पहिला उपाय म्हणजे ज्या बोटीवर तुमचं पाणी, रेडिओ, औषधं आणि अंथरूण आहे, ती बोट.

उरलेले आक्षेप

जागा जाते. मान्य. पाच फ्रिजांची जागा म्हणजे दोन बिछाने आणि बरीच कपाटं. छत्तीस फुटी बोटीत सहा जण झोपण्याऐवजी चार जण झोपतील. मला हा सौदा मंजूर आहे. ज्यांना नाही त्यांनी निदान आडव्या भिंती घालून बोटीचे पाणबंद खण करावेत, म्हणजे एक खण भरला तरी बाकीचे तिला पेलतील.

फोम कालांतरानं पाणी पितो, त्याच्या मागचं कवच तपासता येत नाही. हेही खरं, जुन्या बोटींत झालेलं आहे. म्हणून चांगला फोम, काढता येतील असे ठोकळे, आणि दर काही वर्षांनी वजन. पिशवी मऊ लागते का ते सर अंगठ्यानं बघायचे. मोठ्यांनाही तपासणीचा कंटाळा करून चालणार नाही.

बोटी बुडतात कुठं एवढ्या? कमी बुडतात, बरोबर. पण बुडण्याची कारणं आपल्या हातात नसतात. २०२० पासून स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्यावर ऑर्का मासेमारी सोडून शिडाच्या बोटींची सुकाणूं मोडतायत, आणि काही बोटी त्यात बुडाल्या आहेत. हा धोका त्याआधी कुणाच्या यादीत होता?

शेवटचा आक्षेप बाजाराचा. लोकांना हवं असतं तर एटॅप बंद पडली असती का? याचं मला हसू येतं. बोटीच्या प्रदर्शनात गिऱ्हाईक स्वयंपाकघर बघतं, गादी दाबून बघतं. भरलेली बोट कुणी दाखवत नाही, म्हणून कुणी विचारत नाही. आपल्याकडे कारमध्ये ड्रायव्हरसाठी एअरबॅग २०१९ पासून सक्तीची झाली. ती गिऱ्हाइकांच्या मागणीवर सोडली असती तर आपण अजूनही सनरूफच बघत बसलो असतो.

मग मागायचं काय?

पहिलं: जी शिडाची बोट शिकवायला किंवा भाड्यानं दिली जाते, ती तीसेक फुटांपर्यंतची असेल तर भरल्यावर माणसांसकट तरंगलीच पाहिजे. पैसे देऊन येणारा मुलगा पोहणारा आहे की नाही हे तुम्हाला माहीत नसतं. कागदावरचं गणित नको. धक्क्याला बांधा, पाणी सोडा, माणसं बसवा, दाखवा.

दुसरं: त्याहून मोठ्या बोटीला फोम नाहीतर पाणबंद खण, दोन्हीपैकी एक.

तिसरं, आणि हे उद्यापासून करता येईल: प्रत्येक बोटीच्या दारावर स्पष्ट लिहा, "ही बोट पाण्यानं भरल्यास तरंगते" किंवा "ही बोट पाण्यानं भरल्यास बुडते". बिस्किटाच्या पुड्यावर आपण हिरवा ठिपका शोधतो. ज्या गोष्टीवर जीव ठेवून समुद्रात जायचं, तिच्यावर एक ओळ मागणं फार नाही.

तुमच्यापैकी बरेच जण कधीतरी गोव्यात किंवा मुंबईत तास-दोन तासांसाठी अशा बोटीत बसणार आहात. रील काढा, मजा करा. फक्त दोर सोडायच्या आधी बोटवाल्याला विचारा, "दादा, ही बोट पाण्यानं भरली तर काय होतं?" त्यानं बाकाखालचा फोम दाखवला तर निर्धास्त बसा. त्यानं पंप दाखवला, तर त्याचं तोंड साफ आहे का ते बघा. आणि तो म्हणाला, "मॅडम, ही बुडतच नाही", तर लाइफजॅकेट घालून घट्ट आवळा, कारण मीही हेच ऐकलं होतं.

तो पोहता न येणारा मुलगा त्यानंतर पोहायला शिकला. मला मात्र अजून वाटतं, शिकायला हवं होतं ते बोटीनं.